पारदर्शक खडा: गारगोटी, कॅल्साइट की अपोफिलाइट? (माझा अनुभव)

जळगावकडच्या दगडखाणीत बसाल्टच्या पोकळीतून मिळालेला बोटाएवढा रंगहीन स्फटिक. रंगावरून, फोटोंशी ताडून, काही ठरेना. चाकूने ओरखडा काढला तर पांढरी रेघ उठायची. मी ती कधी स्फटिकाची धरायचो, कधी चाकूच्या पोलादाची. दोन महिने यातच गेले.

शेवटी या क्रमाने सुटलं. आधी ओरखडा ओल्या बोटाने पुसला आणि भिंगाखाली पाहिला. रेघ पुसली गेली असती तर ते पोलाद, म्हणजे खडा चाकूहून कठीण. इथे खाच राहिली, त्यामुळे गारगोटी (मोहस मापावर, म्हणजे १ ते १० च्या कठीणपणाच्या मापावर, कठिनता ७) बाद. मग सुटलेल्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकला. बुडबुडे नाहीत, कॅल्साइटही बाद. नंतर बाजूंवरच्या रेषा पाहिल्या: गारगोटीवर त्या आडव्या असतात, इथे लांबीला समांतर उभ्या होत्या. शेवटी सपाट माथा उजेडात तिरपा धरला. बाजू काचेसारख्या, माथा मात्र मोत्यासारखा, आणि त्याखाली माथ्याला समांतर बारीक चिरा. लांबीला काटकोनात असं स्वच्छ पाटन (ठरावीक दिशेने सपाट फुटणं), कठिनता साडेचार ते पाच: अपोफिलाइट.

ओरखडा मागच्या, तुटक्या बाजूलाच काढा. माथा फार सहज सुटतो.