बातम्यांच्या एका तासाची मोजणी: वही, घड्याळ आणि दोन माणसं

टीव्हीचा समाजावर परिणाम होतो का, या विषयावर शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून वाद सुरू आहे. तो मिटत नाही, कारण दोन्हीकडे मतं भरपूर आणि आकडे नाहीत. आकडे मिळवणं मात्र कुठल्याही वाचनालयाला, महिला मंडळाला किंवा कॉलेजच्या गटाला जमण्यासारखं आहे. एक मराठी वृत्तवाहिनी, सात आठवडे, दर आठवड्याला एक तासाचं रेकॉर्डिंग आणि ते तपासायला साधारण तीन-चार तास, एवढ्यात काम होतं.

आधी काय मोजायचं ते पक्कं करा. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन संशोधकांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिल इथे मत अजून न ठरलेल्या १०० मतदारांना विचारलं, की तुमच्या मते महत्त्वाचे प्रश्न कोणते? मग त्या भागात पोहोचणारी वृत्तपत्रं, नियतकालिकं आणि टीव्ही बातम्यांनी कोणत्या प्रश्नांना किती जागा दिली ते मोजलं. दोन्ही याद्यांचा क्रम जवळजवळ सारखा निघाला. म्हणून वाहिनी कोणत्या पक्षाकडे झुकलेली आहे हे शोधत बसू नका. त्या भांडणात गट फुटतात आणि हाती काही लागत नाही. कशाला किती सेकंद मिळाले, एवढंच मोजा. लोक कशावर बोलतील हे तिथे ठरतं.

दिवस आणि तास

सलग सात दिवस घेऊ नका. त्या आठवड्यात अतिवृष्टी झाली किंवा सरकार डळमळलं तर सगळी वही त्या एकाच बातमीने भरून जाते. जोड-आठवडा करा: पहिल्या आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार, तिसऱ्यातला बुधवार, असं सातव्या आठवड्यातल्या रविवारपर्यंत. तारखा सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. 'आज मोठी बातमी आहे, आजच करू' हा मोह हमखास होतो आणि तिथेच मोजणी बिघडते. वीज गेली, रेकॉर्डिंग हुकलं, तर दुसऱ्या दिवशीचं घेऊ नका. पुढच्या आठवड्यातला तोच वार घ्या.

तास रात्री ९ ते १० चा धरा. अनेक वाहिन्यांवर या वेळात चर्चा असते, त्यामुळे वक्तव्यांचं प्रमाण जास्त येईल. वाहिनीचा पूर्ण दिवस समजून घ्यायचा असेल तर सकाळी ८ ते ९ हा दुसरा तास जोडा. काम दुप्पट होतं, पण वेळ असेल तर जरूर करा. एखाद्या दिवशी सह्याद्रीचं संध्याकाळचं बातमीपत्रही मोजून पाहा. शेजारी ठेवायला दुसरं माप मिळालं की आपल्या वाहिनीचे आकडे बोलू लागतात.

रेकॉर्डिंग सेट-टॉप बॉक्सच्या पेन ड्राइव्हवर करा. काही बॉक्समधलं रेकॉर्डिंग दुसऱ्या यंत्रावर चालत नाही, म्हणून आदल्या दिवशी पाच मिनिटांची चाचणी घ्या. यूट्यूबवरचं लाइव्ह प्रक्षेपण सोयीचं असलं तरी तिथल्या जाहिराती केबलवरच्या जाहिरातींपेक्षा वेगळ्या असू शकतात. जाहिराती मोजायच्या असतील तर केबल किंवा डीटीएचच हवं. नंतर टाकलेल्या सुट्या क्लिपा तर अजिबात वापरू नका. त्या कापलेल्या असतात.

नोंद

रेकॉर्डिंग बरोबर ९ वाजून ० सेकंदांनी सुरू झालं पाहिजे. वहीत उभ्या रकान्यांत हे घ्या: सुरुवात, शेवट, विषय, ठिकाण (जिल्हा, जमल्यास तालुका), कोण बोललं, पडद्यावर काय दिसलं, पडद्याच्या खालच्या पट्टीवरचा मजकूर. विषय बदलला की नवी ओळ. सेकंद पाच-पाचच्या टप्प्यात धरले तरी चालतात. एका तासाची बेरीज ३,६०० सेकंद आली पाहिजे. साठ सेकंदांहून जास्त फरक आला तर कुठेतरी ओळ सुटली आहे, बहुधा जाहिरातीनंतर लगेच येणारी हेडलाइन.

विषयांचे खण बारापेक्षा जास्त करू नका. शेती-पाणी, गुन्हे, अपघात-आपत्ती, आरोग्य, शिक्षण, बाजार-रोजगार, खेळ, मनोरंजन, धर्म-सण हे सरळ आहेत. ब्रेकसाठी जाहिराती हा एक खण ठेवा आणि वाहिनीची स्वतःची जाहिरात त्यात वेगळ्या खुणेने लिहा. राजकारणाचे मात्र दोन खण हवेतच: निर्णय आणि वक्तव्य. कसोटी सोपी आहे. बोलणाऱ्याचं नाव पुसून टाका. मागे एखादी रक्कम, तारीख, कायदा, योजना, म्हणजे नागरिकाच्या उपयोगाचं काही उरलं तर तो निर्णय. काहीच उरलं नाही तर वक्तव्य.

सगळ्यात जास्त चूक कुठे होते ते एका उदाहरणाने पाहा. समजा, बातमी लासलगावच्या कांदा लिलावापासून सुरू झाली. ट्रॅक्टरची रांग, क्विंटलचा भाव, एका शेतकऱ्याचा बाइट (कॅमेऱ्यासमोर बोललेले दोन शब्द), असे ४० सेकंद गेले. मग एका नेत्याची टीका, दुसऱ्याचं प्रत्युत्तर, प्रतिनिधीचा फोनो (फोनवरून दिलेली माहिती), त्यानंतर चौघांचं पॅनेल, अशी आणखी सहा मिनिटं. खालच्या पट्टीवर पूर्ण वेळ कांदाच आहे, म्हणून नवखा माणूस ही ४०० सेकंदांची एकच ओळ करतो आणि पुढे 'शेती' लिहितो. खरं म्हणजे शेतीला ४० सेकंद मिळाले आणि वक्तव्याला ३६०. एका चुकीने शेतीचा वाटा दसपट फुगला. पट्टी वाचून विषय ठरवू नका. त्या क्षणी तोंडातून काय निघतंय ते ऐका.

'कोण बोललं' या रकान्यात पुरुष की स्त्री आणि भूमिका (पक्ष, अधिकारी, तज्ज्ञ, नागरिक) लिहा आणि प्रत्येकाचे सेकंद टाका. इथे एक बारीक गोष्ट जरूर टिपा: बोलणाऱ्याचं नाव पडद्यावर आलं का? प्रवक्त्याच्या खाली नाव, पद, पक्ष, सगळं येतं. पुरात घर गेलेल्या बाईच्या खाली कितीदा नुसतं 'स्थानिक महिला' येतं, तेही मोजा. कुणाच्या शब्दाला माणूस मानलं गेलं आणि कुणाच्या शब्दाला गर्दी, हे या एका रकान्यात दिसतं.

पडद्यावरच्या दृश्यात तीन खुणा पुरतात: ताजं, जुनं, ग्राफिक. जुन्या दृश्यावर 'संग्रहित' लिहिलं होतं की नाही हेही टाका. तेच दृश्य पुन्हापुन्हा फिरवलं तर फेऱ्या मोजा. सात सेकंदांची सीसीटीव्ही चित्रफीत एका बातमीत बारा वेळा फिरली, तर घटना एक घडलेली असते आणि डोळ्यांनी मारहाण बारा वेळा पाहिलेली असते. जॉर्ज गर्बनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत दाखवलं, की जास्त वेळ टीव्ही पाहणाऱ्यांना जग प्रत्यक्षापेक्षा अधिक धोक्याचं वाटतं. त्यांचा अभ्यास मुख्यतः मालिकांसारख्या कार्यक्रमांचा होता, तो जसाच्या तसा बातम्यांना लावता येत नाही. फेऱ्यांची नोंद ठेवायला मात्र ते पुरेसं कारण आहे.

पट्टीवरचे भडक शब्द वेगळ्या पानावर उतरवा. हल्लाबोल, घणाघात, डिवचलं, फटकारलं, खळबळ. कोणत्या बातमीला कोणता शब्द लागला, मूळ बाइटमध्ये तसा सूर होता का, आणि मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं का, एवढं लिहा. 'सूत्रांची माहिती' किती वेळा आली हेही. हे पान भरायला वेळ लागत नाही आणि सातव्या आठवड्यात वाचायला तेच सर्वात मोलाचं ठरतं.

दोघांचं जुळतं का

नोंद दोघांनी वेगवेगळी करायची, एकमेकांच्या वहीत न पाहता. पहिल्या अर्ध्या तासानंतर थांबून ताडून पाहा. २४ ओळींपैकी १७ ओळींत विषय जुळला तर जुळणी ७१ टक्के झाली. ८० च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका. न जुळलेल्या सात ओळी पुन्हा पाहा. बहुतेक निर्णय-वक्तव्य किंवा गुन्हा-अपघात या सीमेवरच्या निघतील. खणाची व्याख्या नेमकी करा, वहीत लिहून ठेवा आणि तोच अर्धा तास नव्याने भरा. 'बरं, तुझं धरू' म्हणून मोठ्या माणसाच्या मताला मान देणं ही आपल्या गटांची जुनी खोड आहे. ती इथे कटाक्षाने टाळा.

लोकांना काय विचारायचं

'टीव्हीचा तुमच्यावर परिणाम होतो का?' असं कधीही विचारू नका. 'माझ्यावर नाही, पण लोकांवर होतो' हे उत्तर ठरलेलं आहे. डेव्हिसन या अभ्यासकाने १९८३ मध्येच या प्रवृत्तीला नाव देऊन ठेवलं आहे. त्याऐवजी मोजणी सुरू होण्याआधी तीस घरांत एकच प्रश्न न्या: 'सध्या आपल्या तालुक्यापुढचे सर्वात मोठे तीन प्रश्न कोणते?' पर्याय वाचून दाखवू नका, उत्तर त्यांच्या शब्दांत लिहा. बातम्या किती वेळ आणि कोणत्या वाहिनीवर पाहता, हे शेवटी विचारा. आधी विचारलंत तर माणूस टीव्हीवरचंच बोलू लागतो. तीसपैकी निदान दहा घरं बातम्या न पाहणारी हवीत. सात आठवड्यांनी त्याच घरांत पुन्हा जा.

लोकांनी सांगितलेल्या प्रश्नांची यादी आणि वाहिनीने जास्त सेकंद दिलेल्या विषयांची यादी, या दोन याद्या जुळल्या म्हणजे वाहिनीनेच लोकांच्या डोक्यात ते घातलं, असं लगेच म्हणू नका. लोकांना जे खुपतंय तेच वाहिनी दाखवत असेल. पाणीटंचाईचा प्रश्न बातम्या न पाहणाऱ्या दहा घरांतही पहिला आला, तर तो टीव्हीने दिलेला नाही, नळाने दिला आहे. पण दूरच्या शहरातला एखादा वाद फक्त बातम्या पाहणाऱ्या घरांत आणि फक्त दुसऱ्या फेरीत वर आला, तर तिथे टीव्हीचा हात असण्याची शक्यता मोठी आहे. तीस घरांवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नये. आपल्या गावात चर्चा सुरू करायला तेवढी पुरतात.

जाहिराती आणि तक्रार

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या नियम ७ प्रमाणे तासाला १२ मिनिटांहून जास्त जाहिराती नकोत: १० मिनिटं व्यापारी, २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने या मर्यादेवर बोट ठेवलं तेव्हा वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, त्यामुळे जादा सेकंद सापडले तरी लगेच कारवाईची अपेक्षा धरू नका. बातमी चालू असताना पडदा आकसून कडेला येणाऱ्या जाहिराती वेगळ्या मोजा. त्या बेरजेत मिसळल्या तर तुमचा आकडा कुणीही खोडून काढेल.

कशाची तक्रार होते आणि कशाची नाही, हे नीट समजून घ्या. शेतीला कमी वेळ दिला हा नियमभंग नाही. ते आकडे संपादकांना पत्राने पाठवा, गावात वाचून दाखवा. याच नियमांतल्या नियम ६ मध्ये मात्र जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती आणि अर्धसत्य, धर्म वा समाजावर हल्ला, अंधश्रद्धेला उत्तेजन अशा गोष्टी मना आहेत. चमत्कारी गुणांचा दावा करणाऱ्या जाहिराती नियम ७ मध्ये येतात. यंत्र-ताईत विकणाऱ्या जाहिरातींबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं, की महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्या बेकायदा आहेत. अशी जाहिरात दिसली तर तक्रारीत या निकालाचा उल्लेख करा.

पहिली तक्रार वाहिनीकडेच जाते. केबल नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही किंवा उत्तरच आलं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची (वाहिन्यांनी स्वतःच्या नियमनासाठी उभारलेल्या संस्थेची) सभासद आहे तिच्याकडे अपील करायचं. तिला ६० दिवस मिळतात. त्यानंतरचं अपील, पुन्हा १५ दिवसांच्या आत, केंद्र सरकारकडे. सगळ्या वृत्तवाहिन्या एकाच संस्थेत नाहीत, म्हणून सभासदत्व आधी तपासा. चुकीच्या दारात गेलेले पंधरा दिवस परत मिळत नाहीत.

पत्र एका पानाचं असावं. त्यात वाहिनी, तारीख, तास-मिनिट-सेकंद, उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं, कोणता नियम मोडला आणि काय हवं आहे (दुरुस्ती, माफी, क्लिप काढणं), एवढंच. 'तुमची वाहिनी पक्षपाती आहे' असं एक वाक्य घातलं की उरलेल्या पत्राचा जोर जातो. पन्नास जणांनी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा एकाने नेमका मजकूर पाठवावा. शक्यतो प्रक्षेपणापासून सात दिवसांच्या आत पाठवा. उशीर झाला की त्यावरूनच तक्रार बाजूला पडू शकते. रेकॉर्डिंगच्या फाइलला वाहिनी, तारीख आणि सुरुवातीची वेळ असं नाव द्या, दोन ठिकाणी ठेवा आणि शेवटच्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुसू नका.