पेठेत गाण्याची बैठक कशी बसवावी

गणपतीचे दिवस सोडले तर आपल्या कोल्हापुरात एका गल्लीतली माणसं आता जिन्यात भेटतात तेवढीच. महिन्यातून एकदा गाण्याची बैठक बसवा, फरक दिसेल. त्याला स्टेज, बॅनर, प्रमुख पाहुणे काही लागत नाही.

जागा आधी बघा. तालमीचा हॉल, देवळाचा सभामंडप, नाहीतर कुणाचा तरी मोठा सोपा. पंचवीस-तीस माणसं पुरे. खाली सतरंज्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे चार खुर्च्या. माईक नकोच. माईक आला की मागच्यांना गप्पा मारायला रान मोकळं होतं.

गाणारा शोधायला लांब जायला नको. अल्लादिया खाँसाहेब (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. त्यांच्या घराण्याची जयपूर-अत्रौली गायकी याच गावात रुजली. १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब इथलाच. तिथं किंवा जवळच्या गाण्याच्या क्लासात चौकशी करा, तयारीचा विद्यार्थी नक्की मिळेल. मानधन आधी ठरवा आणि तबला-पेटीवाल्यांचंही पाकीट वेगळं ठेवा. घरटी वर्गणीतून ते निघतं. ‘कलेची सेवा’ म्हणत फुकट गाऊन घेणं मला तरी पटत नाही.

आता ऐकणाऱ्यांची तयारी, जी सगळे विसरतात. सुरुवातीची दहा मिनिटं तबलजीला नुसता तीनताल वाजवायला सांगा. सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोक्यांची एक फेरी. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला. नवव्याला हात उलटा, ती ‘खाली’, म्हणजे बिनटाळीची मात्रा. सगळ्यांनी हातावर धरायचं, पोरांनी आणि आजीनंही. खालीनंतर डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताकडच्या तबल्याचा, घुमारा थांबतो, नुसती उजव्याच्या कडेवरची चाट ऐकू येते. चौदाव्या मात्रेला डग्गा परत बोलतो. तो बोलला की समजा, सम, म्हणजे पुढच्या फेरीची पहिली मात्रा, जवळ आली. जयपूर गायकीत विलंबित, म्हणजे सावकाश गायचा, खयाल बहुधा तीनतालातच असतो आणि लय फार संथ नसते, म्हणून नवख्यालाही मोजता येतं. गाणारा मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर आला आणि तीस माणसांची मान एकदमच हलली, की शेजारच्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं. मध्यंतरात तो आपणहून बोलतो.

पहिल्याच बैठकीला अनवट जोडरागांची, म्हणजे दोन राग मिसळून केलेल्या अवघड रागांची, फर्माईश नको. संध्याकाळी यमन किंवा भूप, रात्री बागेश्री. आणि तांबडा-पांढरा रस्सा नंतर. आधी वाढलात तर विलंबितातच अर्धी सतरंजी घोरायला लागेल.

घरी एकट्यानं गायचं असेल तर तेही सोपं आहे. सकाळी मोबाईलवर तंबोरा लावा. सूर पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून ठरवा: पुरुषांनी साधारण काळी एक-दोन, बायकांनी काळी चार-पाच. ताठ बसा, पोट भरून श्वास घ्या आणि आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत, ‘सा’ सावकाश सोडा. घसा ताणायचा नाही. श्वास लांबवून सोडला की छातीची धडधड उतरते, डोकं निवतं. दहा मिनिटं बास. रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. गाण्यातल्या रागाला औषध म्हणून विकणारे बरेच भेटतात.

पुढची तारीख चहा संपायच्या आत ठरवा. त्या संध्याकाळी तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच नाही ना, तेवढं बघून घ्या.