पाचगणी-महाबळेश्वरात घर घेताना आणि विकताना

पाचगणीत घर घ्यायचं मनात असेल तर पहिली भेट ऑगस्टमध्ये ठेवा. दिवाळीनंतर इथलं प्रत्येक घर देखणं दिसतं. नवा रंग काढलेला असतो, अंगणात फुलं असतात, खाली धोम धरणाचं पाणी चमकत असतं, आणि पुण्या-मुंबईहून आलेलं माणूस गच्चीत उभं राहिलं की अर्धा सौदा तिथेच होतो. माझे वडील गवंडी होते, जांभ्याची घरं बांधण्यात त्यांची हयात गेली. मी इथेच वाढले आणि आता खरेदी-विक्रीचे दस्त तयार करण्याचं काम करते. भिंत बघायला वडिलांनी शिकवलं, सातबारा वाचायला कामानं. गच्चीतून दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा घराच्या पाठीमागचा डोंगर आणि सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना या दोन गोष्टी तुमच्या व्यवहाराचं खरं भवितव्य ठरवतात. विकणाऱ्याचंही.

आधी भिंतीकडे वळू. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहून कमी. जुलै 2021 मध्ये तर महाबळेश्वरात एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. त्यामुळे ‘हिल स्टेशनचं घर’ असा एकच हिशेब करू नका. महाबळेश्वर, मेटगुताड या पट्ट्यातल्या घराची पश्चिमेची भिंत वेगळीच झुंज देत असते. जुन्या घरांना तिथे पावसाआधी गवताच्या झडी, म्हणजे भिंतीवर पाऊस येऊ नये म्हणून आडोसे, बांधतात, आता बरेच जण प्लास्टिक लावतात. विकणाऱ्याला सरळ विचारा, की झड कोणत्या बाजूला बांधता? ज्या बाजूचं नाव तो घेईल, ती बाजू आधी बघा.

घरात शिरल्यावर हॉलमध्ये चहा घेत बसू नका. डोंगराच्या बाजूची खोली गाठा. तिथलं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढायला सांगा आणि मागे टॉर्च मारा. काळी बुरशी असेल तर दिसेलच, पण पुसून काढली असेल तरी वास राहतो. हाताची मागची बाजू भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा. ओल हाताला कळते. बाकी खोली जुनी आणि एकाच भिंतीला कमरेइतक्या नव्या फरशा बसवल्या असतील, तर त्या शोभेसाठी बसवलेल्या नाहीत असं धरून चला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग नखाने तपासा. कडा तीक्ष्ण आणि आतून स्वच्छ असेल तर ती ताजी आहे, जाळी-धूळ भरलेली असेल तर जुनी. ताजी तिरकी भेग दिसली की पाया कुठेतरी बसतोय अशी शंका घ्या आणि इंजिनिअर आणल्याशिवाय पुढे बोलू नका.

मग घराच्या पाठीमागे जा, चिखल असला तरी. डोंगर आणि भिंत यांच्यात मोकळं गटार हवं आणि ते वाहतं हवं. संरक्षक भिंतीत पाणी निघायला पाईप ठेवलेले असतात. चार दिवस पाऊस लागून राहिलाय आणि पाईप कोरडे आहेत, भिंतीचं पोट मात्र मधोमध पुढे आलंय, याचा अर्थ पाणी मागे साचलंय. तारेच्या कुंपणाचे खांब उताराकडे कलले असतील तर माती सरकते आहे. तुमच्या वरच्या प्लॉटवर जेसीबी चालला असेल तर तिथपर्यंत चढून जा. खालच्या घराचं संकट पुष्कळदा वरच्या शेजाऱ्याच्या खोदकामातून येतं.

पाण्याचं तेवढंच नीट विचारा. इतका पाऊस पडूनही मेमध्ये इथे टँकर फिरतात. नळ नगरपरिषदेचा आहे की ग्रामपंचायतीचा, किती दिवसांनी येतो, कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, साठवणीची टाकी किती लिटरची, हे सगळं शेजारणीला विचारा. एजंटापेक्षा तिचं उत्तर खात्रीचं असतं. विहीर किंवा बोअर सामाईक असेल तर त्या पाण्यातला हिस्सा दस्तात लिहून घ्या.

आता कागद. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्य सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो, त्यामुळे विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबायचं कारण नाही. लोक मालकाचं नाव आणि क्षेत्र बघतात आणि कागद मिटतात. खरं वाचायचं ते इतर हक्कात. ‘कु.का.क. 43 च्या बंधनास पात्र’ (म्हणजे कूळ कायदा, कलम 43) असं असेल तर ती जमीन कुळाला मिळालेली आहे आणि कूळ कायद्याच्या अटी सुटल्या आहेत की नाही हे आधी बघावं लागतं. ‘भोगवटादार वर्ग 2’ किंवा ‘नवीन अविभाज्य शर्त’ असेल तर हस्तांतराला सरकारची परवानगी आणि बहुतेक वेळा नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, लागतो. खाजगी वनाचा शेरा असेल तर तिथेच थांबा. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर सरकारी मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला ती घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तो कमी झाल्याचा फेरफार, म्हणजे तलाठी दप्तरातली बदलाची नोंद, मागा, नुसता ‘कर्ज फेडलंय’ हा शब्द पुरत नाही. सातबाऱ्यावर जे फेरफार क्रमांक असतात, ते एकेक काढून वाचा. जमीन कशी कुणाकडे आली याची पूर्ण कहाणी तिथे असते. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदलेल्या दस्तांचा शोध, घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या.

शहराच्या हद्दीत सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक (मिळकत पत्रिका, प्रॉपर्टी कार्ड) लागतं. गावठाणातल्या घराला लोक ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवतात. ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन काही गावठाणांत आता मिळकत पत्रिका मिळतात. तुमच्या गावात झाली असेल तर तीच मागा. महाबळेश्वरातले जुने, प्रशस्त बंगले हा वेगळाच प्रकार आहे. त्यांतले कित्येक सरकारी भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर उभे आहेत. तिथे तुम्ही जमीन विकत घेत नसता, उरलेली मुदत घेत असता. मुदत कधी संपते, नूतनीकरण झालंय का, शर्तभंगाची नोटीस आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातून कळल्याशिवाय बंगल्याच्या व्हरांड्याच्या प्रेमात पडू नका.

भिलार, गुरेघर, भोसे, खिंगर या बाजूला स्ट्रॉबेरीच्या शेतात ‘फार्महाऊसचे गुंठे’ विकायला असतात. इथे मला कळकळीने सांगायचंय. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, तुमच्या किंवा कुटुंबाच्या नावावर कुठे शेती नसेल तर ती दारं बंद आहेत. त्यावर तोडगा म्हणून स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ताबा द्यायचा धंदा चालतो. नोटरीच्या कागदाने मालकी बदलत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. आयुष्यभराची बचत अशा कागदावर देऊन बसलेली निवृत्त माणसं माझ्यासमोर येऊन रडली आहेत, आणि त्यांना सांगण्यासारखं फारसं काही माझ्याकडे नसतं. साताऱ्याच्या पश्चिमेला ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पाचं नाव घेऊनही असे गुंठे विकले जातात. प्रकल्प खरा आहे, पण म्हणून तो गुंठा बिनशेती होत नाही.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर 17 जानेवारी 2001 च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे कुठे बांधता येईल, किती उंच, तीव्र उतारावर आणि झाडांच्या जागी काय चालणार नाही, यावर बंधनं आहेत. जागा कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे हे सांगणारा झोन दाखला काढा. तयार घर घेत असाल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात घेऊन घरात फिरा. नकाशात पडवी आणि प्रत्यक्षात बेडरूम, नकाशात एक मजला आणि वर पत्रा टाकून दुसरा, हे इथे सर्रास दिसतं. वाढीव बांधकाम पाडायची नोटीस आली तर ती जुन्या मालकाला नाही, तुम्हाला येते. ‘सगळ्यांनीच केलंय’ हे उत्तर कुणी दिलं तर त्या भागाचे पैसे मोजू नका. नवीन प्रकल्पातला फ्लॅट असेल तर महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाकडचा प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, बघा, अगदी छोटे प्रकल्प सोडले तर ही नोंदणी बंधनकारक आहे.

हद्दीसाठी सरकारी मोजणी करून घ्या. डोंगरात बांध सरकतात, ओढा वाट बदलतो, आणि ‘त्या सिल्व्हर ओकपर्यंत आपलं’ हे बोट दाखवून सांगणं पुढे कोर्टात जातं. रस्ता कागदावर आहे का तेही बघा. दुसऱ्याच्या शेतातून गेलेली गाडीवाट तोवरच वाट असते, जोवर त्या शेताचा मालक बदलत नाही.

विकणाऱ्यांसाठी, विशेषतः आपल्या तालुक्यातल्या माणसांसाठी, थोडं लिहिते. घर विकायचंय अशी पाटी लावण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. आजोबांचं नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर आधी वारस नोंद करा. बहिणींचा हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाइतकीच हक्कदार आहे. वाईला किंवा मुंबईला दिलेल्या बहिणीला सही करायला ऐन खरेदीच्या दिवशी बोलावायचं, हक्कसोड म्हणजे काय ते न सांगता, हे मी माझ्या टेबलावर होऊ देत नाही. तिला वाटा हवा असेल तर वाटा द्या, सोडायचा असेल तर समजून-उमजून सोडू द्या. कुणी वारस परदेशात असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथे रीतसर साक्षांकित होऊन भारतात यायला हवं आणि आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायला हवा. या कामाला वेळ जातो, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी सुरू करा.

भाव ठरवताना मे महिन्यात पर्यटकाने तोंडातून काढलेला आकडा धरून बसू नका, आणि जूनमध्ये पैशाची नड म्हणून पहिल्याला देऊनही टाकू नका. आपल्याच रस्त्यावरच्या गेल्या दोन वर्षांतल्या नोंदलेल्या खरेद्यांची सूची 2 (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) काढा. दस्तात किती रुपये लिहिले गेले ते त्यात असतं. रेडी रेकनर हा सरकारचा दर, तो बाजारभाव समजू नका. आणि शेताचा तुकडा विकताना घरासाठीची वाट आणि विहिरीचा हक्क राखून ठेवल्याचं दस्तात लिहा. भर भाव मिळाला म्हणून रस्त्यालगतची जमीन विकून मागचं घर कोंडून घेतलेली कुटुंबं मला माहीत आहेत.

पैशांचं थोडक्यात. सगळा व्यवहार बँकेतून करा. घराच्या सौद्यात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. विसार दिल्यावर साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, करा आणि तेही नोंदवा. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडी रेकनर यांतल्या मोठ्या आकड्यावर भरावं लागतं, राहत्या घराची खरेदी केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर त्यात एक टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क एक टक्का, जास्तीत जास्त 30,000. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा, विकणारा अनिवासी भारतीय असेल तर हा हिशेब पूर्ण वेगळा, सीएकडे जा. विकणाऱ्याने दोन वर्षांहून जास्त घर बाळगलं असेल तर नफ्यावर 12.5 टक्के कर. 23 जुलै 2024 आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्ती महागाई निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा हिशेबही करू शकते, दोन्ही मांडून कमी तो निवडा. एजंटाची दलाली किती आणि कधी द्यायची, ते सुरुवातीलाच लिहून ठेवा.

खरेदीखत झालं की काम संपलं असं समजून लोक गाडीत बसतात. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ती मंजूर झालेला उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. महावितरणचं मीटर, नळ आणि घरपट्टी नावावर करून घ्या, मागची थकबाकी विकणाऱ्याकडून चुकती करून पावत्या घ्या. खरेदी एप्रिलमध्ये झाली असेल तर त्याच आठवड्यात कौलं चाळणारा माणूस ठरवा आणि पाठीमागचं गटार मोकळं करून घ्या. मे अखेरीला सगळ्या गावाला तीच माणसं हवी असतात, आणि नव्या मालकाचा नंबर शेवटी लागतो.