गावच्या पहिल्या हेडमास्तरांचे चरित्र कसे लिहावे

शाळेचा शतकमहोत्सव जवळ आला की जुन्या हेडमास्तरांवर लेख मागवले जातात आणि त्यांतले बहुतेक 'शिस्तप्रिय', 'विद्यार्थिप्रिय' अशा विशेषणांपाशीच थांबतात. त्यांनी नेमके काय केले हे सांगायचे असेल, तर आठवणी गोळा करण्यापूर्वी शाळेचे कपाट उघडावे.

विद्यमान मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही) शाळेतच बसून पाहण्याची परवानगी घ्यावी आणि हेडमास्तरांच्या कारकिर्दीतील पाने वर्षवार वाचावीत. मुलींची नावे कोणत्या सालापासून लागली, अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतील मुले केव्हा आली, चौथीपर्यंत किती जण टिकले, हे तेथेच कळते. शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात 'सतत गैरहजर' हा शेरा एकाखाली एक दिसत असेल आणि पुढे तो विरळ होत गेला असेल, तर घरोघर फिरून मुले गोळा करणारा शिक्षक त्या नोंदींमागे असू शकतो. मात्र श्रेय देण्याआधी त्या वर्षांतला दुष्काळ, साथ आणि सक्तीच्या शिक्षणाचे धोरण पडताळावे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी ते 1917 मध्ये सुरू केले, तर मुंबई इलाख्याचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा 1923 चा आहे. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांना सर्रास 1 जून ही तारीख दिली जाई. हेडमास्तरांच्या स्वतःच्या नावापुढेही तीच असल्यास ती 'नोंदलेली जन्मतारीख' म्हणूनच छापावी.

त्यानंतर शेरेबुक पाहावे. तपासणीला आलेल्या दिपोटींनी (शिक्षण खात्याच्या डेप्युटी इन्स्पेक्टरांनी) वर्गाचे वाचन, गणित, इमारतीची अवस्था यांवर लिहिलेले शेरे कोणत्याही गौरवलेखापेक्षा मोलाचे असतात, कारण त्यांत उणिवाही नोंदलेल्या असतात. व्हर्नाक्युलर फायनल (सातवीची परीक्षा), शिक्षकाचे ट्रेनिंग आणि बदल्या यांचा क्रम सेवापुस्तकावरून लावावा. ते कुटुंबीयांकडे नसेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात चौकशी करावी. जिल्हा परिषदा 1 मे 1962 रोजी स्थापन झाल्या, म्हणून त्याआधीचे कागद तेव्हा प्राथमिक शाळा पाहणाऱ्या स्कूल बोर्डाच्या नावाने मागावेत. मराठवाड्यात निजामाच्या काळातील दप्तर उर्दूत आणि फसली सनात सापडेल. त्या सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो. मोडीतील कागद जाणकाराकडूनच वाचून घ्यावेत.

एवढे हाती आल्यावरच वृद्ध विद्यार्थ्यांना भेटावे. 'गुरुजी कसे होते?' असे विचारू नये. शाळा देवळात भरे की चावडीत, पाटी कोण घेऊन देई, सुगीच्या दिवसांत मुले शेतावर गेली की गुरुजी काय करत, असे विचारावे. गावचे टपालही अनेकदा शिक्षकाकडेच असे. पत्रे वाचून दाखवण्याच्या आणि लिहून देण्याच्या निमित्ताने त्यांचा घराघरांशी आलेला संबंध आवर्जून नोंदवावा. आठवण आणि रजिस्टर यांत तफावत आढळल्यास दोन्ही द्यावीत, आणि हयात व्यक्तींची जात किंवा नापास झाल्याची नोंद मात्र नावानिशी छापू नये.