जुन्या डॉस प्रोग्रॅमला लांब नावांच्या फाइल्स दिसेनात, त्याचा उपाय

अंबड एमआयडीसीतल्या मित्राच्या वर्कशॉपमधला डॉस (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) प्रोग्रॅम ३२-बिट विंडोज १० वर मजेत चालतो (६४-बिटवर १६-बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत, तिथे जुने डॉस प्रोग्रॅम चालवून देणारं डॉसबॉक्स-एक्सच बघा). डी ड्राइव्ह नव्याने फॉरमॅट केल्यावर मात्र ड्रॉइंगच्या लांब नावांच्या फाइल्स त्याला दिसेनात.

फाइल्सची यादी दाखवणारी 'डीआयआर /एक्स' ही कमांड दिल्यावर छोट्या नावांचा रकाना कोराच! डॉसला ८ अधिक ३ अक्षरांचंच (८ नावाची, ३ टिंबापुढची) नाव कळतं. विंडोज ते पर्यायी नाव गुपचूप बनवून ठेवतं, पण विंडोज ८ पासून नव्या एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल साठवण्याची पद्धत) ड्राइव्हवर ही सोय मुळातच बंद असते.

ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एफएसयूटिल ८डॉट३नेम सेट डी: ०' दिलं. इथे ० म्हणजे चालू, १ म्हणजे बंद. कोणी ठरवलं देव जाणे. एवढ्याने जुन्या फाइल्सना छोटं नाव मिळत नाही. त्या दुसऱ्या फोल्डरात नव्याने कॉपी कराव्या लागल्या.

पुढची गंमत अशी, की सारख्या सुरुवातीच्या फाइल्स चारपेक्षा जास्त झाल्या की छोट्या नावांना '~१, ~२' असे क्रमाने आकडे लावणं थांबतं आणि पहिल्या दोन अक्षरांपुढे निरर्थक आकडे-अक्षरं येतात. ऑपरेटरने त्यातून गिअरचं ड्रॉइंग शोधायचं कसं? म्हणून एका ओळीची बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेली फाइल) केली: प्रोग्रॅमचं नाव आणि पुढे '%~एस१'. लांब नावाची फाइल माउसने ओढून तिच्यावर सोडली, की प्रोग्रॅमला छोटा पत्ता आपोआप मिळतो. ऑपरेटरला आता छोटी नावं बघावीच लागत नाहीत.