डोंगरातला निवांत रस्ता कसा निवडावा : इंदूरहून स्पीतीला निघणाऱ्या सायकलस्वारांसाठी

इंदुरात लांब पल्ल्याची सायकल चालवणारे आता प्रत्येक वस्तीत भेटतात, आणि त्यांपैकी हिमालयात जाऊ इच्छिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो : मनाली गाठा आणि लेहचा रस्ता धरा. हा सल्ला मोटारसायकलवाल्यांकडून आलेला आहे. ज्याला इंजिनाच्या जोरावर टँकर मागे टाकता येतो त्याला तो रस्ता रम्य वाटत असेल. ताशी सहा किलोमीटर वेगाने चढणाऱ्या सायकलस्वाराला मात्र त्याच टँकरचा धूर, लष्करी ताफे आणि पर्यटकांच्या गाड्यांचे भोंगे दिवसभर सोसावे लागतात. डोंगरात सायकलवर जायचे ते शांततेसाठी, आणि ती शांतता उंचीमुळे किंवा दूरपणामुळे आपोआप मिळत नाही. ती रस्ता निवडताना मिळवावी लागते. येथे उदाहरणे हिमाचल प्रदेशातील किन्नौर आणि स्पीतीची घेतली आहेत, पण पद्धत कोणत्याही डोंगरी मुलखात चालते.

सायकलची तयारी तुम्हाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर आणि जितका हलका मिळेल तितका खालचा गिअर, एवढे पाहा. सरावासाठी पूर्ण सामान लादून जानापावचा चढ चढा. भेरूघाटात ट्रकांच्या मागे धापा टाकण्यात काही लाभ नाही. मालवा एक्सप्रेसने अंबाला छावणीपर्यंत जा आणि सायकल पार्सल म्हणून न पाठवता स्वतःच्या तिकिटावर लगेज म्हणून नोंदवा, म्हणजे ती त्याच गाडीतून येते. पुढे सिमल्यामार्गे किन्नौरमधील रेकाँग पिओपर्यंत बसने जावे, सायकल टपावर.

रस्ता निवडणे

हा टप्पा मला सर्वांत जड गेला आणि बहुतेकांना जातो, कारण नकाशा रस्ता दाखवतो, त्यावरील वाहने दाखवत नाही. नकाशावरची बारीक, नागमोडी रेघ पाहून हा रस्ता निवांत असेल असे मानणे ही सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. त्याऐवजी प्रत्येक रस्त्याबाबत एकच प्रश्न विचारावा : हा रस्ता कोणाला आणि कशासाठी लागतो? डोंगरात कोणीही विनाकारण गाडी चालवत नाही. कारणे शोधून काढली की वाहने कोठे असतील, हे घरबसल्या बऱ्याच अंशी कळते.

पहिले कारण म्हणजे रस्ता पुढे कोठेतरी निघणे. दोन मोठी ठिकाणे जोडणाऱ्या रस्त्यावर मालवाहतूक असणारच. म्हणून ज्या दरीत रस्ता शेवटच्या गावात संपतो, ती दरी आधी पाहावी. स्पीतीतील पिन नदीची दरी हे याचे उत्तम उदाहरण आहे. अत्तरगूच्या पुलावरून मुख्य रस्ता सोडला की गुलिंग आणि सगनम ही गावे ओलांडून सुमारे ३,८०० मीटर उंचीवरच्या मूद गावापाशी गाडीरस्ता संपतो, आणि त्यापुढे पिन-पार्वती व भाबा या खिंडींकडे फक्त पायवाटा जातात.

परंतु शेवट असलेला प्रत्येक रस्ता निवांत नसतो, आणि येथेच बहुतेक सल्लागार चुकतात. सांगला खोऱ्यातील छितकुल हे रस्त्याच्या शेवटचे गाव आहे, आणि ‘भारतातील शेवटचे गाव’ या लौकिकामुळेच मे-जूनमध्ये तेथे गाड्यांची रांग लागते. स्पीतीचे मुख्य गाव असलेल्या काझाच्या वर, हिक्किमला १९८३ मध्ये सुरू झालेले टपाल कार्यालय जगातील सर्वांत उंच टपाल कार्यालयांपैकी एक म्हणून प्रसिद्ध आहे. त्यामुळे लांगझा, हिक्किम आणि कोमिक ही तीन गावे काझाच्या टॅक्सीवाल्यांनी एका दिवसाच्या फेरीत बसवली आहेत. ज्या गावाच्या नावापुढे ‘सर्वांत उंच’ किंवा ‘शेवटचे’ असे विशेषण लागले आहे, त्या गावाला हंगामात दुपारी जाऊ नये. जायचेच असेल तर मुक्कामी जावे. टॅक्सीने आलेले पर्यटक दुपारनंतर उतरतात, आणि संध्याकाळी व पहाटे तोच रस्ता पूर्ण तुमचा असतो.

दुसरे कारण बांधकाम. सतलजच्या खोऱ्यात झाकडी ते वांगतू या पट्ट्यात १,५०० मेगावॅटच्या नाथपा-झाकडी प्रकल्पासह अनेक जलविद्युत कामे आहेत. त्यांचे डंपर, सिमेंटचे ट्रक आणि वरून सुटणारे दगड यांच्या मधून सायकल नेण्यात मला कोणताही पुरुषार्थ दिसत नाही. तिसरे कारण पीक. किन्नौरचे सफरचंद भाद्रपद-आश्विनात उतरते आणि त्या दिवसांत ट्रक याच मार्गाने खाली जातात. या दोन्ही कारणांसाठीच मी पिओपर्यंत बस सांगितली. ‘सिमल्यापासून सलग सायकल चालवली’ असे सांगता यावे म्हणून जे हा पट्टा चालवतात, ते प्रवासाचे पहिले काही दिवस धुळीत घालवतात आणि पुढच्या सुंदर भागात थकलेले पोहोचतात.

चौथी गोष्ट याच्या उलट, म्हणजे तुमच्या उपयोगाची आहे : नवा रस्ता झाला की जुना रिकामा होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून लाहौलकडे जाणारी वाहतूक त्यातून जाऊ लागली; परिणामी कोकसरकडून रोहतांग खिंडीला चढणारी उत्तरेची वळणे पूर्वीपेक्षा कितीतरी शांत झाली. २०१७ मध्ये चिचमचा उंच पूल झाला तेव्हापासून बऱ्याच पर्यटकांच्या गाड्या ‘की’ आणि किब्बर या गावांच्या बाजूने वळतात. म्हणून काझाहून लोसरला जाताना मी नदीपलीकडचा रंगरिकचा रस्ता धरतो, जरी नकाशावर तो महामार्ग म्हणून जाड रेघेने दाखवलेला असला तरी.

प्रत्यक्ष रस्त्यावर आल्यावर मैलाच्या दगडांकडे लक्ष द्या. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा आणि केशरी माथ्याचा प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा असतो. २००० साली सुरू झालेल्या या योजनेतून डोंगराळ राज्यांत अडीचशेहून अधिक वस्तीची गावे जोडण्याचे उद्दिष्ट होते, आणि हे रस्ते बहुधा पावणेचार मीटर किंवा त्याहून कमी रुंद असतात. अशा रस्त्यावर गावची बस, काही जीपगाड्या आणि हंगामात मटाराचे पिकअप, एवढीच काय ती वर्दळ. केशरी दगड दिसला आणि वेळ हाताशी असला तर मी वळतोच. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की महामार्ग ट्रक चढावेत अशा बेताने आखलेला असतो, ग्रामसडकेला तो विचार तितका नसतो. वळणाच्या आतल्या बाजूला चढ अचानक उभा होतो, आणि तेथे उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही.

उंची

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मनालीहून सुरुवात करणारा दोन-तीन दिवसांत ४,५५१ मीटरच्या कुंझुम खिंडीवर पोहोचतो, आणि त्याचे शरीर त्यासाठी तयार नसते. म्हणून स्पीतीत किन्नौरकडूनच शिरावे, याबाबत मी तडजोड करत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा गिर्यारोहण वैद्यकातील सर्वमान्य नियम आहे. पिओनंतर पूह, मग नाकोचा मोठा चढ ओलांडून पलीकडे खाली चांगो, मग ताबो, मग काझा, असे मुक्काम ठेवले तर हा नियम आपोआप पाळला जातो. नाको ३,६६० मीटरवर आहे. तेथील तलाव पाहून, चहा घेऊन पुढे उतरावे, पहिल्याच फेरीत तेथे झोपू नये. डोके दुखू लागले आणि मळमळ सुरू झाली तर चढणे थांबवावे. थांबूनही त्रास वाढला तर त्याच दिवशी खाली उतरावे, मग रात्र झालेली असली तरी.

दिवस आणि वेळ

मे-जूनची शाळांची सुट्टी टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये स्पीती पर्जन्यछायेत असली तरी तिकडे जाणारा किन्नौरचा रस्ता दरडींनी अडतो. माझ्या मते अनंत चतुर्दशी झाली की निघावे आणि नवरात्र बसेपर्यंत मनालीला उतरावे. मधला पितृपक्ष हा पर्यटनाचा मंदीचा काळ, आणि नवरात्र-दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या की गाड्या पुन्हा येतात. घरी श्राद्धाची तिथी असेल तर ती पाहून बेत आखावा. अधिक मास आलेल्या वर्षी हे सारे ऑक्टोबरात सरकते आणि कुंझुमवर बर्फ पडू शकते, तेव्हा त्या वर्षी लवकर निघावे.

सकाळी किती वाजता निघायचे, हे गावच्या बसवरून ठरवा. शेवटच्या गावची बस बहुधा संध्याकाळी येते, रात्री तेथेच थांबते आणि सकाळी खाली जाते. ती गेल्यानंतर टॅक्सी येईपर्यंतचे काही तास सर्वांत मोकळे असतात. हा हिशेब बातल ते छत्रू या तुकड्यात मात्र लावू नये. तेथे हिमनद्यांचे पाणी रस्त्यावरून वाहते आणि दुपारी उन्हाने ते चढते, म्हणून उजाडताच निघून नाले सकाळी ओलांडावेत. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर सामान उतरवून दोन खेपा कराव्यात.

काझानंतर

काझाला दोन रात्री, पिनच्या दरीत मूदला एक किंवा दोन, पुन्हा काझा, मग लोसर. लोसरहून कुंझुमचा चढ सुमारे अठरा किलोमीटरचा असून तो दिसतो त्यापेक्षा सौम्य आहे. बातलला ढाब्यांवर मुक्काम मिळतो, पुढे छत्रू आणि ग्राम्फू. ग्राम्फूला पोहोचल्यावर कोकसरला उतरून बोगद्याकडे जाण्याचा मोह होतो. तो टाळून डावीकडे ३,९७८ मीटरच्या रोहतांगवर चढावे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने तेथे येणाऱ्या पर्यटक वाहनांच्या संख्येवर रोजची मर्यादा आहे, तरी मनालीच्या बाजूला गर्दी होतेच. त्यामुळे आदल्या रात्री छत्रूला झोपून अंधारातच निघावे आणि मनालीच्या गाड्या वर येण्याआधी माथा गाठावा. उतारावर मढीपर्यंत डावी कड सोडू नये, कारण वर येणाऱ्या गाड्या वळणावर तुमची बाजूही घेतात, आणि ब्रेकचे पॅड काझालाच बदललेले असावेत.