लहान शहराचं पिण्याचं पाणी: या चुका टाळा

लहान शहराचा पाणीपुरवठा सहसा दोन-चार माणसांच्या भरवशावर चालतो. पंप सुरू करणं, क्लोरीन सोडणं, व्हॉल्व्ह फिरवणं, गळती काढणं, नोंदवही भरणं, सगळं त्यांच्याच अंगावर. हाताशी वेळ कमी पडला की सगळ्यात आधी तपासणी राहून जाते, आणि धोका तिथूनच शिरतो. पुढच्या काही चुका पाणी पुरवणाऱ्यांच्या आहेत, काही पिणाऱ्यांच्या.

मोजमाप न करता आकडे लिहिणं

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातलं वॉकर्टन हे जेमतेम पाच हजार वस्तीचं शहर. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला आणि शेतातल्या शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. सात माणसं दगावली, दोन हजार तीनशेहून अधिक आजारी पडली. पुढे चौकशीत जे बाहेर आलं ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. पाण्यात उरलेल्या क्लोरीनचे आकडे नोंदवहीत बहुतेक दिवशी लिटरला ०.५ किंवा ०.७५ मिलिग्रॅम असेच लिहिलेले होते. प्रत्यक्षात बहुतेक दिवशी मोजमाप झालेलंच नव्हतं. ते खरोखर झालं असतं, तर आत शिरलेली घाण क्लोरीन खाऊन टाकतेय हे लगेच ध्यानात आलं असतं.

म्हणून नोंदवही बघायची सवय लावा. महिनोन्‌महिने तोच आकडा दिसला तर शंका घ्या. खऱ्या पाण्याचे आकडे पावसाबरोबर, उन्हाबरोबर थोडेफार हलतातच.

क्लोरीन फक्त टाकीपाशी तपासणं

टाकीपाशी भरपूर क्लोरीन असला तरी जलवाहिनीतून जाताना तो वाटेत खर्च होत जातो. खरी परीक्षा शेवटच्या टोकाच्या नळावर. तिथे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. तपासणी सोपी आहे: नळ थोडा वेळ वाहू द्या, काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, डीपीडीची (क्लोरीन ओळखणाऱ्या रसायनाची) गोळी टाका, ती विरघळली की रंग तक्त्याशी ताडून बघा. गुलाबी छटा आली तर क्लोरीन आहे, जितकी गडद तितका जास्त. काहीच रंग आला नाही, तर त्या भागातल्या पाण्याला जंतूंपासून काहीच संरक्षण उरलेलं नाही असंच समजा. वाटेत कुठे वाहिनी फुटली आहे का, गटाराचं पाणी आत येतंय का, हे त्याच दिवशी शोधायला हवं. एकदम टाकीतला डोस वाढवून मोकळं होऊ नका. त्याने आकडा सुधारतो आणि भोक तसंच राहतं.

गढूळ पाण्यात ब्लीचिंग पावडर ओतणं

गाळाच्या कणांआड जंतू लपतात आणि गाळच क्लोरीन शोषून घेतो. आधी तुरटी, मग पाणी निवळू देणं, मग गाळणं, आणि शेवटी क्लोरीन, हा क्रम मोडू नये. क्लोरीन मिसळल्यावर निदान अर्धा तास पाणी टाकीत थांबायला हवं. लगेच सोडलं तर क्लोरीनला काम करायला वेळच मिळत नाही. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ८ च्या वर गेला की क्लोरीनची धारही कमी होते.

आणि पावडर जुनी आहे का ते बघा. उघड्या पोत्यातली, दमट खोलीत पडलेली पावडर दिसायला तशीच असते, पण तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

टीडीएस मीटरवर सगळा विश्वास टाकणं

हे मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, बस. जंतू त्याला दिसत नाहीत. आर्सेनिकची सुरक्षित मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, एवढ्याशा गोष्टीने मीटरचा आकडा हलतही नाही. कमी टीडीएसचं पाणीही आजारी पाडू शकतं.

सगळ्यावर उकळणं हाच उपाय मानणं

पाण्याला खळखळून उकळी येऊन मिनिटभर टिकली की जंतू मरतात. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. पण नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक उकळून जात नाहीत. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण वाढतं. जास्त नायट्रेटचं पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला फार घातक, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. विहिरीच्या आसपास शेती किंवा शोषखड्डे असतील तर नायट्रेटची तपासणी आवर्जून करून घ्या.

नमुन्याची बाटली विसळणं

जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळा जी निर्जंतुक बाटली देते, तिच्या तळाशी सोडियम थायोसल्फेटची चिमूटभर पूड किंवा थेंबभर द्रावण असतं. पाण्यातला क्लोरीन मारण्यासाठी ते घातलेलं असतं. नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतूंना संपवतो आणि अहवाल उगाच चांगला येतो. चांगल्या भावनेने बाटली विसळली की हे औषधच वाहून जातं. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, वर थोडी जागा मोकळी ठेवा आणि थंड डब्यात ठेवून शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत पोहोचवा.

नळाला काहीतरी वेगळं दिसलं तर

पाणी दुधासारखं पांढरं आलं तर ग्लासात धरून बघा. तळाकडून वर नितळ होत गेलं तर ती हवा आहे, काळजी नको. तांबूस पाणी बहुधा लोखंडी नळातल्या गंजाचं. थोडा वेळ वाहू दिल्यावर ओसरत नसेल तर कळवा. सडक्या अंड्याचा वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर दोष घरच्या गीझरमध्ये. पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि भेगांतून बाहेरची घाण आत ओढली जाते, म्हणून पाणी सुटल्यावरची पहिली धार पिण्यासाठी भरू नका. सगळ्या गल्लीत एकदम जुलाब सुरू झाले, तर मात्र पाणी कसं दिसतं याचा विचार करत बसू नका. लगेच आरोग्य विभागाला सांगा.

वाईट अहवाल दडवणं

वॉकर्टनमध्ये दूषित पाण्याचा अहवाल १७ मे रोजी पाणी पुरवणाऱ्यांच्या हातात आला होता. आरोग्य विभागाने विचारल्यावरही तो सांगितला गेला नाही. पाणी उकळून प्या, हा इशारा आरोग्य विभागाने २१ मे रोजी आपल्याच अंदाजावर दिला. मधले चार दिवस लोक तेच पाणी पीत होते. अहवाल खराब आला की फेरतपासणीची वाट न बघता त्याच तासाला इशारा द्यायचा. पुढचे नमुने लागोपाठ निर्दोष आल्याशिवाय तो उठवायचा नाही. उठवल्यावर घरोघरी सांगायचं: सगळे नळ काही मिनिटं मोकळे सोडा, त्या काळात बनवलेला बर्फ फेकून द्या आणि फिल्टरची कांडी बदला.